पक्केकाकांची मदतपेटी

मदतपेटी उघडण्याची सोयच उरलेली नाही, ही गोष्ट पक्केकाकांच्या ध्यानात आली तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून आरशासमोर उभे होते, आणि पेटी उघडण्याच्या समारंभास फार अवकाश राहिला नव्हता.

"किल्ली घेतली का?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारले.

काकांचा हात शेवटच्या गुंडीवर थबकला. "कसली किल्ली?"

"पेटीची."

"पेटीला कुलूप नाहीये."

"मग दार बंद कसं राहतं?"

काकांनी गुंडी लावली, पुन्हा सोडली, आणि अत्यंत क्षीण स्वरात म्हणाले, "दार मी वेल्डिंग करून टाकलंय. चारी बाजूंनी."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "आणि पैसे काढायचे कसे?"

"मी सगळा विचार चोराच्या बाजूनं केला होता," काका म्हणाले. "आपल्या बाजूनं करायचा राहिला."

पक्केकाका हे व्यवसायाने वेल्डर होत. फाटके, जिने, गाड्यांच्या टाक्या, जे जे म्हणून लोखंडाचे आणि तुटलेले असेल ते ते जोडणे हे त्यांचे जीवितकार्य. आणि काम संपताच त्यावर हातोडीचा एक ठोका मारून 'पक्कं' एवढाच शब्द उच्चारावयाचा, ही त्यांची रीत. त्यावरूनच त्यांना ते नाव पडले होते. त्यांच्या गल्लीच्या टोकाला, ज्यांना घर नाही अशा कुटुंबांसाठी एक केंद्र चालत असे. तेथे माणसांना अंघोळीला पाणी मिळे, मुलांना अभ्यासाला दिवा मिळे, आणि ज्याला पत्र यावयाचे त्याला पत्ता मिळे. नव्हते ते केवळ स्वयंपाकघर. एकाच स्टोव्हभोवती साऱ्या आयांची रांग लागे, आणि शेवटच्या आईची पाळी येईपर्यंत तिची लेकरे उपाशीच झोपी जात.

या स्वयंपाकघराकरिता मागे एकदा लाकडी पेटी ठेवण्यात आली होती. परंतु तिचे कुलूप इतके मनमिळाऊ निघाले की ते कोणत्याही किल्लीने उघडे. साहजिकच लोकांचा विश्वास उडाला. तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले, केंद्राचे अध्यक्षसाहेब स्वतः काकांच्या दुकानी आले आणि म्हणाले, "अशी पेटी करा, की आत गेलेला पैसा बाहेर येता कामा नये."

काकांनी ही आज्ञा प्राणपणाने पाळली. प्रथम त्यांनी दार बसविले. मग चोर बिजागरी काढील म्हणून बिजागरी जोडून टाकली. मग तो कुलूप तोडील म्हणून कुलूप काढून त्या जागी पत्रा जोडला. सरतेशेवटी तो फटीत पहार घालील म्हणून फटही भरून काढली, घासून गुळगुळीत केली, वर हिरवा रंग दिला, आणि ठोका मारून म्हणाले, "पक्कं." राहिली ती फक्त वरची, पैसे टाकण्याची खाच. अशी अभेद्य पेटी पाहून लोकांचा विश्वास परतला, आणि बघता बघता पेटी गळ्यापर्यंत भरली.

केंद्राच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. अध्यक्षसाहेबांनी किल्ली ठेवण्यासाठी मुद्दाम तबक आणले होते. पहिल्या रांगेत कापडाचे मोठे दुकान असणारे शेठ विराजमान होते, आणि भाषणाच्या भरात ते नुकतेच बोलून चुकले होते, "या पेटीत जे पडलं ते केंद्राचं. आणि आज दिवे लागायच्या आत तिच्यातून जेवढं निघेल, तेवढंच मी माझ्या खिशातून घालीन." त्या दुप्पट रकमेतच स्वयंपाकघर उभे राहणार होते, एरवी नव्हते.

काका अध्यक्षसाहेबांच्या कानाशी लागले. अध्यक्षसाहेबांच्या हातातील तबक हळूहळू कलंडत गेले.

"मग कापा ना ती," ते कुजबुजले.

"कापायला ग्राइंडर लावला की ठिणग्या आत जाणार, साहेब. आत कागद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे राख मिळेल. पण सगळीच्या सगळी मिळेल."

ही वार्ता सभेत पसरली, तेव्हा शेठच्या मुखावर जी प्रसन्नता उमटली ती झाकण्याकरिता त्यांना रुमाल काढावा लागला. "वाईट झालं," ते म्हणाले. "फारच वाईट झालं. मग मी निघू का?"

"बसा हो शेठ, अजून ऊन आहे," केंद्रात लेकीनातवंडांसह राहणाऱ्या एक आजी बोलल्या. त्यांनी धुण्याची बादली आणून पेटीपाशी ठेवली. "ज्याला उघडून बघायची त्यानं बघावी. पण हात लावायच्या आधी बादलीत काहीतरी टाका. फुकट कुणाला नाही."

सर्वप्रथम दातांचे डॉक्टर पुढे सरसावले. बादलीत नोट टाकून त्यांनी चिमटा काढला आणि सवयीने पेटीला म्हणाले, "आ करा." बऱ्याच खटपटीअंती खाचेतून एक गुंडी बाहेर आली. ती शेठच्या कोटाच्या गुंड्यांशी तंतोतंत जुळत होती. परंतु तो विषय कोणी वाढविला नाही.

नंतर सुईणबाई उठल्या. "सरका. अडलेल्या पुष्कळजणी सोडवल्यात मी." त्यांनी बाह्या वर केल्या, पेटी थोपटली, कलती केली, आणि एका नोटेचे टोक खाचेपर्यंत आणले. तेथे ते रुतून बसले.

"काय झालं?" अध्यक्षसाहेबांनी विचारले.

"आडवं आलंय," सुईणबाई घाम पुसत म्हणाल्या.

हशा रस्त्यापर्यंत ऐकू गेला, आणि रस्त्यावरची माणसेही आत शिरली. न्हावी आला, शिंपी आला, सायकलीवरून चाललेला पोस्टमन सायकल टेकवून आला. बादली भरत चालली. पेटी मात्र निर्विकार होती. पक्केकाका एका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. आपल्या हातून आयुष्यातील सर्वांत मजबूत काम झाले आणि तेच आपल्याला तोंड दाखवू देईना, या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला होता.

इकडे शेठची निराळीच तगमग चालली होती. ज्या माणसाने सारा जन्म गल्ल्यावर बसून काढला, त्याला खाचेतून डोकावणारी नोट पाहवेना. अखेर त्यांनी बादलीत एक नाणे टाकले आणि दोन बोटे खाचेत घातली.

"ओढा," लोक म्हणाले.

"ओढतोय."

"मग सोडा."

"मी सोडलीय हो. पेटी मला सोडत नाहीये."

काकूंनी साबणाचे पाणी आणले. बोटे सुटली, परंतु त्याच क्षणी पेटीच्या अंतर्भागातून 'टण्' असा मंजुळ नाद आला.

"माझी अंगठी," शेठ म्हणाले.

"पेटीत पडलं ते केंद्राचं," आजी म्हणाल्या. "तुम्हीच मघाशी बोललात."

"अहो, सासऱ्यांनी दिलेली आहे ती. बोटात दिसली नाही तर ही मला घरात घ्यायची नाही."

"मग इथं या की. घर नसलेल्यांसाठीच आहे हे. फक्त स्टोव्हच्या रांगेत उभं राहावं लागेल."

शेठने स्टोव्हकडे पाहिले. समारंभ असला तरी पोटे थांबत नाहीत. रांग लागलेलीच होती, आणि तिच्या टोकाची बाई कडेवरच्या मुलाला झोपू नको, झोपू नको म्हणून हलवीत होती. शेठ पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"स्वयंपाकघराला लागतं तरी काय?" त्यांनी हळूच विचारले.

"काय लागायचं? भिंती, छप्पर, चार शेगड्या."

"सगळं मी देतो. पेटीतून काही निघो, न निघो. पण तेवढी अंगठी काढा."

"जरा मोठ्यानं," अध्यक्षसाहेब म्हणाले. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

शेठने मोठ्याने सांगितले. टाळ्या थांबल्यावर सर्वांच्या नजरा पक्केकाकांकडे वळल्या, आणि काका अधिकच लहान दिसू लागले. तेव्हा काकू त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडं डिझेलची टाकी येते दुरुस्तीला. ती पेट घेऊ नये म्हणून आधी काय करता?"

"पाण्यानं भरतो."

"कोण भरतं?"

"तू."

"मग?"

काकांनी मान वर केली. "अगं, हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"सकाळी मला कुठं विचारलंत? तुम्ही चोराला विचारत बसला होतात."

पेटी खाचेतून पाण्याने काठोकाठ भरण्यात आली. तिच्यातून एक थेंबही गळला नाही, हे पाहून अशाही प्रसंगी काकांना अभिमान वाटल्यावाचून राहिला नाही. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढविला आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या आत पडताच पाण्यात विझू लागल्या. पत्रा सुटला, पाण्याचा लोट अंगणात आला, आणि त्यावर तरंगत नोटा आल्या. अंगठी अध्यक्षसाहेबांच्या बुटाशी येऊन थांबली. ऊन उतरण्यापूर्वी केंद्रातील कपडे वाळविण्याच्या साऱ्या दोऱ्यांवर चिमटे लावलेल्या नोटा फडफडत होत्या, आणि मुले त्यांच्याखालून डोके वाकवून पळत होती. त्या पैशांतून, बादलीतल्यांसकट, भांडी आणि धान्य आले.

शेठने शब्द पाळला. स्वयंपाकघर बांधून झाले, आणि त्याचे लोखंडी दार अर्थातच पक्केकाकांनी केले. उद्घाटनाच्या दिवशी घरातून निघताना काकूंनी विचारले, "दार उघडतं ना?"

"उघडतं. शंभरदा उघडून बघितलंय."

अध्यक्षसाहेबांनी फीत बांधण्याकरिता दार ओढून घेतले. दार थोडे पुढे आले आणि थांबले. त्यांनी जोर लावला, शेठने जोर लावला. दार चौकटीपासून वीतभर दूरच राहिले.

"काका, हे लागत नाही."

काकांचा चेहरा उतरला. दार अडकू नये एवढीच एक चिंता त्यांनी केली होती. "उघडायच्या नादात लावून बघायचंच राहिलं," ते म्हणाले. "उद्या काढून नेतो. नीट करून आणतो."

आतून आजींचा आवाज आला. चारही शेगड्या पेटल्या होत्या आणि आजी एका पातेल्यात पळी फिरवीत होत्या.

"राहू द्या हो तसंच," त्या म्हणाल्या. "लागणारी दारं आम्ही पुष्कळ बघितली."

काकांनी खिशातून हातोडी काढली आणि संकोचून काकूंकडे पाहिले.

"म्हणा," काकू म्हणाल्या.

काकांनी चौकटीवर हलकेच एक ठोका मारला.

"पक्कं."