मान्यताप्राप्त सुळका

चाचणी विभागातल्या बाईंच्या पडद्यावर सोमवारी सकाळी एक सुळका जास्तीचा उगवला, आणि नोकरीत प्रथमच बाईंचा चहा निवला.

वास्तविक बाईंचे काम सरळ होते. वजनकाटा असो की रक्तदाबाचे यंत्र, आत येणाऱ्या विजेच्या लहरीचे आकडे करून देणारी एक कन्व्हर्टर चिप त्यात बसवलेली असते. ती चिप खरे बोलते की पदरचे घालते, हे बाई तपासत. चिपमध्ये एकच शुद्ध सूर सोडायचा, बाहेर पडलेल्या आकड्यांची वारंवारितेप्रमाणे फोड करायची आणि पडद्याकडे पाहायचे. एक उंच सुळका आणि खाली बारीक रेघांचे नुसते गवत दिसले, तर चिप पास. गवतातून दुसरे कोणी डोके वर काढले, तर ते चिपच्या पदरचे समजून नापास. पास झालेल्या मालाला विभागाचा शिक्का मिळे आणि तो पुढे यंत्राच्या पाठीवरही छापला जाई.

त्या दिवशी नापास चिपांचा ढीग लागला. बाईंनी तारा बदलल्या, सुराचे यंत्र बदलले, पंखा बंद केला, शेवटी स्वतःचा मोबाईलही बाहेर नेऊन ठेवला. सुळका ढिम्म हलेना. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो आपोआप मावळला आणि सुट्टी संपताच परत हजर झाला. भिंतीपलीकडे मोठ्या साहेबांची केबिन होती, आणि केबिनमध्ये साहेबांच्या कंबरेसाठी नुकतीच आलेली, विजेवर चालणारी मालिशची खुर्ची होती.

बाईंनी उपसाहेबांना गाठले.

"सर, त्या खुर्चीचा त्रास तारांतून आत येतोय. तपासणीपुरती बंद ठेवायला सांगाल का साहेबांना?"

उपसाहेबांनी आधी दार लोटून घेतले. "बाई, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मांजराच्या गळ्यात घंटा तुम्ही बांधा, मी टाळ्या वाजवतो."

बाईंनी घंटा बांधली नाही. घरी म्हातारी आई एकटी होती आणि बदली परवडणारी नव्हती.

दरम्यान सुळक्याचा लौकिक पसरला. साहेब जागेवर आहेत का, हे बघायला लोक केबिनकडे न जाता बाईंच्या पडद्याकडे येऊ लागले. "टेकलेत," "आज कंबर जास्तच धरलेली दिसते," असे सुळक्याच्या उंचीवरून शिपाईसुद्धा सांगू लागला.

मग साहेब आठवडाभर दौऱ्यावर गेले आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या चिपा पास झाल्या. तिथे घात झाला.

"म्हणजे मी नसतो तेव्हा काम उत्तम होतं," साहेब शांतपणे म्हणाले.

"छे, छे. त्या आठवड्याची तपासणीच सदोष आहे, साहेब," उपसाहेब म्हणाले. "पडद्यावर काहीतरी कमी दिसतंय."

समिती बसली. समितीला 'खुर्ची' हा शब्द उच्चारण्याचे धैर्य नव्हते, त्यामुळे सदर सुळका स्थापित व सातत्यपूर्ण असल्याचा निष्कर्ष निघाला. सुधारित निकषानुसार प्रत्येक चिपला एक मुख्य आणि एक मान्यताप्राप्त सुळका असणे बंधनकारक झाले. दुसरा नसेल ती चिप अपूर्ण. साहेबांच्या गैरहजेरीत खुर्चीत बसायला एक प्रभारी नेमण्यात आला. तो बिचारा भिडेखातर मालिश हळू ठेवी, मग सुळका बुटका येई आणि त्याला ज्ञापन मिळे.

चिपा बनवणारा कारखाना शहाणा होता. परत येणारा माल बघून त्याने भानगडच मिटवली आणि दुसरा सुळका चिपच्या पोटातच बसवून पाठवायला सुरुवात केली. आता साहेब असोत वा नसोत, चिप पास. कारखान्याला उत्कृष्टतेचे प्रशस्तिपत्र मिळाले. ही चिप जे मोजेल त्यात थोडे पदरचे घालणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होते. तरी त्यांनी शिक्का मारला, आणि तो सरळ उमटला.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी बाई घरी आल्या, तर आई दंडाला पट्टा गुंडाळून बसलेली. समोर रक्तदाबाचे कोरे करकरीत यंत्र.

"बघ गं, वरचा आकडा खाली यायचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवलीय. दिवसभर नुसतं गरगरतंय."

बाईंनी आईच्या दंडाचा पट्टा सोडवला. "आई, ती गोळी घेऊ नकोस. हे यंत्र खोटं सांगतंय."

"काहीतरीच तुझं." आईने यंत्र उलटे करून दाखवले. "तुझ्या विभागाचा शिक्का बघूनच घेतलं. जुन्याला शिक्का नव्हता, म्हणून देऊन टाकलं. माझी लेक खोट्यावर शिक्का मारेल होय?"

बाईंना रडू फुटले. डोळे पुसत त्यांनी खुर्चीपासून सगळे सांगितले. आईने नीट ऐकून घेतले.

"मग उद्या स्पष्ट सांग साहेबांना."

"सांगते. पण मग माझी बदली होईल, आई."

आईने यंत्र बाजूला सारले. मग तिने पाण्याचा पेला जवळ ओढला आणि गोळी गिळली. "राहू दे," ती म्हणाली. "एवढं काही गरगरत नाही."

हे वाचून कोणाचे रक्त तापले असेल, तर त्यांनी घरातल्या यंत्रावर अवश्य मोजून पाहावे. आकडा जास्त आला तरी घाबरू नये, त्यातला थोडा साहेबांच्या कंबरेचा आहे. मोजता मोजता, आपल्या साहेबांना आपण शेवटचे 'नाही' कधी म्हटले होते, तेही आठवून बघावे. रक्त लगेच थंड होते.