उल्यानासाठी डिंकाचे लाडू

“दहा मिनिटं बोलायचं, त्यात काय एवढं! कारखान्यात फोरमन होतो मी. अख्ख्या पाळीसमोर बोललोय!” शिरीषरावांनी मुलीला ठणकावून सांगितलं.

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या मराठी मंडळात त्या रविवारी खरं तर त्यांची बायको, सुहासिनीबाई, बोलणार होत्या, एका जुन्या युक्रेनी कादंबरीवर. विषय मंडळाला कळवायचा राहिला आणि फेब्रुवारीत त्या गेल्या. मंडळ म्हणालं, कार्यक्रम रद्द करू. शिरीषराव म्हणाले, “अजिबात नाही! तिचं बोलायचं राहिलंय, ते मी बोलतो.” मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक अख्खं पुस्तक वाचलं. बायकोचं नाव राखायचं, एवढंच मनात होतं.

“बाबा, ग्रुपवर आमंत्रण टाका,” वैदेही म्हणाली.

टाइप कोण करणार! शिरीषरावांनी फोन तोंडाशी धरला. “रविवारी चार वाजता सगळ्यांनी या. उल्यानाबद्दल सांगायचंय. युक्रेनची पोर. पदरात तान्हं मूल, घरात दाणा नाही. गाय होती, ती सावकाराने ओढून नेली. कोणी दारात उभं करत नाही. सुहासिनीला तिची फार काळजी होती.”

फक्त ‘कादंबरी’ हा शब्द तेवढा राहिला!

त्यांचा तरी काय दोष? सुहासिनीबाई पुस्तकातल्या माणसांबद्दल शेजारणींसारखंच बोलायच्या. “अहो, उल्यानाने आज काय केलं माहितेय?” “कुठली? खालच्या मजल्यावरची?” असा त्यांचा संसार! त्यात युक्रेनहून आलेली कुटुंबं हल्ली इथे गल्लोगल्ली. ग्रुप पेटला.

“गाय? फ्लॅटमध्ये?”

“अगं, नेदरलँड्स आहे. इथे कोणाकडेही गाय असते!”

“नवरा लढाईत गेला का हो?” हा प्रश्न मंडळाच्या अध्यक्ष शामलाताईंचा.

“छे! लग्नच झालेलं नाही. मूल जमीनदाराच्या पोराचं,” शिरीषरावांनी कळवलं.

मग शामलाताई म्हणाल्या, “असल्या बाईला मंडळात कशाला आणताय? आपली मुलंबाळं असतात तिथे.”

शिरीषराव खूश! चर्चा रंगली की! “व्वा शामलाताई! तिच्या गावातल्या बायका अगदी असंच बोलतात!”

शामलाताईंनी आपला मेसेज पुसून टाकला.

रविवारी हॉल खचाखच! टेबलावर तांदूळ, तूरडाळ, स्वेटर, प्रेशर कुकर. शिरीषरावांना वाटलं, सुहासिनीच्या आठवणीने लोकांनी काही वाटप ठेवलंय. शेवटी शामलाताई आल्या, भला मोठा डबा घेऊन.

“डिंकाचे लाडू आहेत. लग्नाचं काय ते तिचं ती बघेल. पण बाळंतीण आहे ना! कुठे आहे?”

“कोण?”

“अहो, उल्याना!”

शिरीषरावांनी पिशवीतून पुस्तक काढलं. “ही काय.”

कुकरची शिट्टी टेबलावरून गडगडत खाली पडली, तीसुद्धा सगळ्यांना ऐकू आली.

“म्हणजे मी सकाळपासून पुस्तकातल्या बाईसाठी डिंक तळत होते?”

शिरीषरावांचे कान लाल झाले. तिचं नाव राखायला आलो आणि हे काय करून बसलो! पाठ केलेलं भाषण कुठच्या कुठे पळालं. डब्याकडे बघत ते कसेबसे म्हणाले, “तिच्या गावात कोणी एक लाडू दिला नाही हो. सगळी भली माणसं, दर रविवारी चर्चमध्ये जाणारी. एकीने जरी असा डबा नेला असता ना, तर पुस्तक अर्ध्यातच संपलं असतं.”

शामलाताई खुर्ची ओढून बसल्या. “मग? पुढे काय झालं तिचं?”

शिरीषराव सांगत गेले. भाषण नव्हतंच ते. सुहासिनी सांगायची तसं सरळ, कालच घडल्यासारखं. दहा मिनिटांचा तास कधी झाला कळलं नाही. उल्यानाने बर्फात, दुसऱ्याच्या ओसरीवर जीव सोडला, तेव्हा शामलाताईंनी ओढणीने नाक पुसलं. शिरीषरावांनीही चष्मा काढला.

तेवढ्यात दार ढकलून मंडळातला सतीश आत आला. शेजारच्या डेल्फ्ट गावाहून, समोरून झोंबणाऱ्या वाऱ्यात, सायकलच्या पुढच्या खोक्यात लाकडी पाळणा लादून! धापा टाकत म्हणाला, “सॉरी, सॉरी! कुठे ठेवू? बाळ कुठाय?”

सगळ्यांनी शिरीषरावांकडे पाहिलं. त्यांनी लाडवांचा डबा पुढे केला.

“बस रे बाबा, खाऊन घे. तुला जरा उशीर झाला. शंभर-सव्वाशे वर्षं!”