सपाट तारा, नग चार

निवड करण्याचे काम एकट्या माणसावर कधीही सोपवू नये. एकटा माणूस चुकला तर ती चूक ठरते. समिती चुकली तर ते धोरण ठरते, आणि धोरणाला कोणी नावे ठेवत नाही (ठेवलीच तर त्यासाठी वेगळी समिती असते). पुढील हकीकत मी अशाच एका समितीचा माजी सदस्य या नात्याने, कोणाचाही आकस न धरता, सादर करीत आहे.

१९७४ साली मंगरूळपीरला ग्रामीण लोकरंजन उपकार्यालय होते. संकरित ज्वारी पेरा, बांध घाला, विहिरीत औषध टाका, हे जनतेला नुसते सांगितले तर ती ऐकत नाही. गाऊन सांगितले तर तीही ऐकत नाही, पण निदान बसून राहते, असे वरिष्ठ कार्यालयाचे संशोधन होते. म्हणून आमच्याकडे ऑर्केस्ट्रा होता. त्यात एक पेटी, एक ढोलकी, बोंगोची जोडी (एक फाटका), गायिका तारामती, आणि मार्चअखेर अनुदान परत जाऊ नये म्हणून घाईत घेतलेली विजेवरची बेस गिटार. या गिटारीला चार जाड तारा असतात आणि ती गाण्याच्या खालून चालते. असली तर कळत नाही, पण नसली की लगेच कळते, असे जाणकार म्हणतात. आमच्यात जाणकार कोणी नव्हते.

गिटारीवर इंद्रभान होता. इंद्रभान हंगामी होता. सहा वर्षे हंगामी होता. हंगाम कोणता, हे नेमणुकीच्या आदेशात नमूद नव्हते. रिठदच्या जानराव पाटलांची अंजना त्याच्याशी जवळजवळ ठरलेली होती. 'जवळजवळ' एवढ्यासाठी, की जानरावांनी भरल्या बैठकीत सांगून टाकले होते, "पोरगा पर्मनंट झाला का दुसऱ्या दिवशी साखरपुडा. हंगामी माणसाले मी बैल देत नाही वापराले, पोरगी कायले देऊ?" अंजना थांबायला तयार होती, पण चैत्रापर्यंत. माघात उपसंचालक तपासणीला येणार, कार्यक्रम पाहणार आणि शेरा लिहिणार. शेरा चांगला पडला तर इंद्रभान कायम, वाईट पडला तर घरी.

आणि शेरे वाईट पडत होते. इंझोरीला संकरित ज्वारीचे गाणे रंगात आले असता गिटारीतून किर्र किर्र असा आवाज निघू लागला. श्रोत्यांपैकी सात जण आपापल्या बैलगाडीला वंगण द्यायला उठून गेले, ते परत आले नाहीत. शेरेबुकात नोंद झाली : 'कार्यक्रम उद्बोधक. किरकिर फार.'

इंद्रभान आमचे प्रमुख गोविंदसिंग साहेब यांच्यासमोर उभा राहिला.

"साहेब, दोष माहा नाही, तारीचा हाये. ह्या गोल गुंडाळीच्या तारा. आतल्या तारीवर बारीक गोल तार गुंडाळली असते, बोट सरकवलं का खरखर करते. मले चपट्या गुंडाळीच्या पाह्यजेत. त्याच्यात वरून पट्टी गुंडाळतात. बोट कसं लोण्यावानी जाते! अन् आवाज असा गोल, का रांजणात तोंड घालून बोलल्यावानी."

"तार चपटी अन् आवाज गोल? असं कसं बे?"

"असंच असते, साहेब."

"अन् आता तार गोल हाये, तं आवाज?"

"काटेरी, साहेब."

साहेबांनी 'काटेरी' हा एकच शब्द टिपून घेतला. (त्याचे परिणाम पुढे येतील.)

मुंबईच्या एका दुकानाच्या कॅटलॉगात या तारांचे इंग्रजी नाव होते : फ्लॅटवाउंड. पण कारभार मराठीतून चालवण्याचा आदेश नुकताच आला होता, त्यामुळे मागणीपत्र भाषांतरासाठी सेवादासकडे गेले. सेवादास हा फार प्रामाणिक कारकून. हाताशी कोश असताना डोके वापरणे त्याला उद्धटपणाचे वाटे. इंग्रजीत 'गुंडाळलेले' आणि 'जखम' या दोहोंची अक्षरे तीच आहेत, यात सेवादासचा दोष नाही, इंग्रजांचा आहे. कोशात पहिला अर्थ जखम होता. पत्र तयार झाले : 'सपाट जखमी तारा, नग चार, तातडीने.'

"सेवादासभाऊ, तार कुठं जखमी होते काय?" इंद्रभानने विचारले.

"मंग कोश लिवणारे येडे हायेत काय? कोश मोठा का तू मोठा?"

हंगामी माणूस कोशापेक्षा मोठा नसतो. पत्र गेले. वरच्या कार्यालयात 'जखमी' आणि 'तातडीने' हे दोन शब्द पाहताच आवक कारकुनाने ते फिरत्या आरोग्य पथकाकडे वर्ग केले. शासन हलत नाही म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की पथक चौथ्या दिवशी दारात हजर होते.

"जखमी तारा कोण?" डॉक्टरांनी विचारले.

सगळ्यांनी गायिका तारामतीकडे पाहिले. तिला ऑर्केस्ट्रात तारा म्हणत.

"मले काय धाड भरली?" तारामती म्हणाली. "मी धडधाकट हावो."

"कागदावर जखमी आहे."

"अन् मंग जखम कुठं हाये?"

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. "सपाट आहे. म्हणजे बाहेरून दिसत नाही."

धनुर्वाताची इंजेक्शने देण्यात आली. नग चार असल्याने चार देण्याचे ठरले. तीन दिली, चौथे तारामतीने डॉक्टरांनाच टोचण्याची तयारी दाखवल्यामुळे शिल्लक दाखवण्यात आले. पुढचे आठ दिवस ती हातवारे न करता गात होती. गाणे त्यामुळे सुधारले असे माझे मत आहे. ते मी तिला कळवलेले नाही.

मग शुद्धिपत्रक निघाले ('जखमी' याऐवजी 'गुंडाळलेल्या' असे वाचावे) आणि रीतसर खरेदी समिती नेमली गेली : गोविंदसिंग साहेब, सेवादास आणि मी. तिघांनाही गिटारीतले ओ की ठो कळत नव्हते, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती होण्याची पूर्ण हमी होती. इंद्रभानला समितीत घेता आले नाही. त्याचा तारांशी संबंध होता.

नियमाप्रमाणे तीन दरपत्रके लागतात. एक मुंबईचे आले. दुसरे गावातले लोखंडी सामानाचे व्यापारी रतनलाल यांचे, कारण साहेबांच्या वहीत 'काटेरी' लिहिलेले होते. तिसरे कोणीच देईना, म्हणून तेही रतनलाल यांनीच सूरजबाईंच्या, म्हणजे आपल्या पत्नीच्या, नावाने दिले.

"साहेब, तार म्हंजे तार," कुंपणाच्या तारेचे भेंडोळे समितीच्या टेबलावर ठेवत रतनलाल म्हणाले. "माही तार वीस वर्सं झाले लागून हाये, एक ढोर वावरात शिरलं नाही. मुंबईवाला देते काय अशी ग्यारंटी?"

मुंबईवाल्याने ढोरांबाबत खरोखरच काही लिहिले नव्हते. समितीने मग बोट-चाचणी घेतली. मुंबईहून आलेल्या बोटभर नमुन्याच्या तुकड्यावर कार्यालयातील चौदा जणांनी बोट फिरवले. नऊ जणांना तो गुळगुळीत वाटला. तिघांनी चहाची चौकशी केली. एकाने बोट फिरवून ते सावधगिरी म्हणून धुतले, आणि एकजण रजेवर होता, त्याचे मत अनुकूल धरले. रतनलाल यांच्या तारेवर बोट फिरवणारा एकच निघाला. त्याला तारामतीचे शिल्लक इंजेक्शन देण्यात आले. तरीही निवड सोपी नव्हती. अखेर रतनलाल शंभर मीटरच्या आत तार तोडून देत नाहीत, या एकाच कारणावरून दोन विरुद्ध एक मतांनी मुंबईची चपटी तार मंजूर झाली. (विरोधी मत माझे. रतनलाल यांच्या दुकानातला चहा चांगला असे.)

तपासणीच्या दिवशी सकाळी पार्सल आले. इंद्रभानने ते छातीशी धरले. सेवादासने ते काढून घेतले.

"मंजूर नमुना नस्तीसंगं मोहोरबंद राह्यते. नियम सतरा."

"पण भाऊ, हा नमुना नोहोय, हाच माल हाये! संच एकच मांगवला ना आपुन."

"मंग तोच नमुना."

"निदान जुन्या तं द्या वापस."

"त्या तं तू आठ दिवसामांगं जमा केल्या. जुना माल जमा केल्याबिगर नवा मंजूर होत नाही. त्या गेल्या अकोल्याले, निर्लेखनाले, मोडीत काढाले."

"भाऊ, पाया पडतो. जाडीवाली एक तार तरी द्या. माह्या लग्नाचा सवाल हाये!"

"नमुना तोडता येत नाही."

"मंग मी वाजवू काय?"

"तुले वाजवू नको म्हटलं काय कोणी?"

कोणी म्हटले नव्हते. दुपारी चार वाजता इंद्रभान एकही तार नसलेली गिटार गळ्यात अडकवून मंडपात उभा राहिला. पहिल्या रांगेत उपसंचालक, दुसऱ्या रांगेत रिठदहून आलेले जानराव, आणि बायकांच्या बाजूला अंजना. तारामतीने संकरित ज्वारी सुरू केली. इंद्रभानने डोळे मिटले आणि बोटे चालवू लागला. कपाळावरून घाम गळत होता, ओठ हलत होते (तो बहुधा देवाचे नाव घेत होता; लोकांना वाटले, ताल मोजतो आहे). उपसंचालक मान डोलवू लागले. ते डोलवताहेत म्हणून साहेब डोलवू लागले, आणि मग मंडप.

"आयकलं काय?" गोविंदसिंग साहेब माझ्या कानाशी म्हणाले. "काय गोल आवाज हाये! याले म्हन्तात चपटी तार."

मीही ऐकला. खोटे कशाला सांगू?

उपसंचालकांनी शेरा लिहिला : 'बेस गिटारीचा आवाज अत्यंत सौम्य. किरकिर पूर्णतः बंद. तारांची निवड अभिनंदनीय. वादकास कायम करण्यास हरकत नाही.' जानराव म्हणाले, "पोरगा गरीब दिसते. आवाज नाही त्याचा." फाल्गुनात लग्न झाले, आणि इंद्रभान नेटाने सेवा करून यथाकाल निवृत्त झाला. तारा नस्तीत सुरक्षित आहेत.

आता वाचकहो, तुम्हाला एक विचारतो. गोल गुंडाळी बरी की चपटी, नियम कितवा, मत कोणी कुठे टाकले, हे सगळे तुम्ही इथवर मन लावून वाचलेत. इंद्रभानला गिटार वाजवता येत होती की नाही, हा प्रश्न तुमच्या मनात एकदा तरी आला का? आमच्या तिघांच्या आला नाही. मी निवृत्त झाल्यापासून समितीतली माझी जागा रिकामी आहे. अर्ज वगैरे करू नका. तुमची निवड झालेली आहे.