हणमंतअण्णांचं नाक

"मेलो! अण्णा, मेलो! आग लागली! नाकाला आग लागली!"

हा मी. सकाळी सव्वासहाला, मारतहळ्ळीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, कमरेत वाकून, मान एका अंगाला टाकून मी असा काही बोंबलत होतो की खाली रिंग रोडवरच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या एरवीही थांबलेल्याच असतात, पण त्या दिवशी त्यांना कारण मिळालं.

"ओरडू नको. तोंड उघडं ठेव, तोंडानं श्वास घे," हणमंतअण्णा माझ्या उजव्या नाकपुडीत पितळी झारीची चोच धरून शांतपणे म्हणाले. "स्वल्प झोंबतं. सरी होतं."

स्वल्प म्हणजे थोडं, आणि सरी म्हणजे ठीक. बेंगळुरात उतरल्यावर हे दोन शब्द रिक्षावालासुद्धा फुकट शिकवतो. पण अण्णांचं 'स्वल्प' वेगळं. उद्या इमारत कोसळली तरी ढिगाऱ्याखालून अण्णांचा आवाज येईल, "स्वल्प वजन पडलंय अंगावर."

अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. वय सत्तरीच्या पुढे, अंग काटक, कपाळावर गंध, आणि चेहऱ्याच्या मधोमध असं नाक की माणूस आधी वळतो की नाक आधी वळतं, सांगता येत नाही. त्यांचे पूर्वज बेंगळुरात कधी आले ते विचारू नये. दर वेळी पन्नास वर्षं वाढतात. घरात मराठी बोलतात, पण ती कानडीच्या कढईतून परतून काढलेली. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. मी नागपूरचा, म्हणून "ए नागपूर!" माझी बायको रेवा सातारची. तिनं हे त्यांना निदान वीस वेळा सांगितलं असेल. तीही "नागपूरक्का"च.

अण्णांचा पिढीजात धंदा हिंगाचा. अण्णा लिफ्टमधून उतरून अर्धा तास झाला तरी नंतर शिरणाऱ्याला आमटीची आठवण येते. त्यांचा सदरा, छत्री, चष्म्याचं घर, सगळ्याला हिंग. आणि नाकाची कीर्ती तर विचारूच नका. पोतं न उघडता ते सांगायचे म्हणे, की माल कुठल्या डोंगराचा, आणि तो गोळा करणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं की नाही.

आता कारखाना मुलगा बघतो. सुरेश त्याचं नाव. बोम्मसंद्र्याच्याही पुढे, आनेकलला हिंग कुटायचं युनिट आहे आणि घरही तिथंच. दर शुक्रवारी सकाळी तो गाडी घेऊन वडिलांना न्यायला येतो. तिथं टेबलावर तीन ताटल्यांत तीन व्यापाऱ्यांचे नमुने मांडलेले असतात. अण्णा चिमूट चिमूट बोटांत चोळून हुंगतात आणि एका ताटलीकडे बोट दाखवतात. तो माल घ्यायचा. मग मुलाच्या घरी जेवण, नातीशी दंगा आणि संध्याकाळी परत.

"इथंच राहा," असं सुरेश त्यांना हजारदा म्हणाला असेल. पण अण्णांचं एक तत्त्व आहे. "काम नसताना दुसऱ्याच्या दारात उभा राहतो तो एक भिकारी, नाहीतर विमावाला." मुलाचं दार हेसुद्धा दुसऱ्याचंच दार. त्यामुळे आमच्याकडेही अण्णा कधी नुसते येत नाहीत. बेल वाजते, दार उघडतं, आणि अण्णा बसायच्या आधी जाहीर करतात, "काम हाय."

माझ्याकडे काम निघालं ते माझ्या सायनसमुळे. बेंगळुरूच्या हवेत काय आहे देव जाणे, इथं आल्यापासून माझं डोकं म्हणजे ओल्या वाळूचं पोतं झालं होतं. मीटिंगमध्ये बोलायला लागलो की पलीकडचे विचारायचे, "तुम्ही पाण्याच्या टाकीतून बोलताय का?" एकदा लिफ्टमध्ये मी ओळीनं सतरा वेळा शिंकलो. अण्णांनी मोजलं, आणि त्याच संध्याकाळी झारी घेऊन दारात हजर. "काम हाय. तुझं नाक धुवायचंय."

त्यांची शिस्त कडक. टँकरचं पाणी तसंच घ्यायचं नाही. खळखळून उकळायचं, मग कोमट होऊ द्यायचं. मिठाच्या पुड्या ते स्वतः बांधायचे, दुकानात हिंगाच्या बांधायचे तशाच, चौकोनी घडीच्या. एका झारीला एक पुडी. मान तिरकी, तोंड उघडं, वरच्या नाकपुडीतून ओतायचं, खालच्या नाकपुडीतून निघतं. "मधे नाकानं श्वास घेतलास की बुडालास!"

पहिल्या दिवशी मी अर्थातच नाकानं श्वास घेतला. मला माझे पणजोबा दिसले. त्यांनी हात करून परत पाठवलं. पण चौथ्या दिवशी कुठंतरी आत दार उघडल्यासारखं झालं, आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन सभ्य घरात करता येत नाही. एवढंच सांगतो, की त्यात माझ्या दहावीच्या वर्गातली खडूची भुकटीही असावी. डोकं हलकं झालं. रेवा कांदा चिरतेय हे मला बेडरूममधून कळलं आणि मी आनंदानं रडलो. कांद्यामुळे नव्हे.

असे तीन आठवडे सुखात गेले, आणि मग ती आगीची सकाळ उजाडली.

माझ्या किंकाळ्या ऐकून रेवा गच्चीवर धावत आली आणि दारातच थबकली. "वर फोडणी कोण देतंय? चार मजल्यांना वास येतोय!"

"कसला वास?" अण्णा म्हणाले.

"अहो अण्णा, हिंगाचा!"

अण्णांनी झारीत नाक घातलं. छाती भरून श्वास घेतला. "मीठपाणी हाय, अक्का," ते म्हणाले.

मी डोळे पुसत झारीत पाहिलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. माझ्या डोळ्यांतून, नाकातून, मला वाटतं कानांतूनही सांबार वाहत होतं, आणि ज्या माणसाचं नाक अख्ख्या बाजारात प्रमाण मानतात तो त्या झारीत दुसऱ्यांदा नाक घालून उभा होता. मग त्यांनी पुडीचा रिकामा कागद उलगडला, उरलेली भुकटी बोटाला लावली आणि जिभेवर ठेवली. ती खारट नव्हती.

"अय्यो," अण्णा म्हणाले. एवढंच. 'स्वल्प'सुद्धा म्हणाले नाहीत.

रेवानं खालून नवं कोमट पाणी आणि घरातलं मीठ आणलं. मी नाक चार वेळा धुतलं. तोवर अण्णा टाकीच्या कट्ट्यावर बसून होते.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "एक ताप आला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर येणार नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ धुतो. सुरेशला कळता कामा नये, काय? त्याला कळलं की माझा शुक्रवार संपला."

"पण मग दर शुक्रवारी माल कसा निवडता?"

"हुंगल्यासारखं करतो आणि दाखवतो बोट कुठंतरी. दोन वर्षांत एकदा चुकलो नाही! मारुतीरायच दाखवतो, दुसरं काय." मग ते झारीकडे बघत राहिले. "पण आज मिठाच्या जागी हिंग घातला की रे. शुक्रवारी काय दाखवीन कुणास ठाऊक." आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "नागपूर, तुझं नाक मी उघडलंय. एक शुक्रवार मला दे."

उपकाराची एवढी थेट परतफेड माझ्याकडे आजवर कुणी मागितली नव्हती. मी ऑफिसात रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नाकाचं काम.'

ठरलं असं, की मी पाहुणा म्हणून सोबत जायचं, ताटल्या सहज हुंगायच्या, आणि चांगल्या मालापाशी एकदा खोकायचं. शुक्रवारी सकाळी निघण्याआधी अण्णांनी माझं नाक दोनदा धुऊन घेतलं. पैलवान कुस्तीआधी अंगाला तेल लावतात तसं.

आनेकलच्या त्या युनिटच्या दारातच मी रुमाल नाकाला लावला. तिथं हवा नव्हतीच, नुसता हिंग होता. त्यातूनच माणसं ये-जा करत होती. सुरेश साधा, कमी बोलणारा माणूस. "या," म्हणाला आणि टेबलाकडे नेलं. तीन ताटल्या. तपकिरी, चिकट, एकमेकींच्या सख्ख्या बहिणी.

मी डावीकडच्या पहिल्या ताटलीवर वाकलो. अण्णांनी उघडलेलं, दोनदा धुतलेलं माझं ते लखलखीत नाक. तो वास असा थेट मेंदूत शिरला की मी खोकलो. ठरल्याप्रमाणे नव्हे, खरोखर, जिवाच्या आकांतानं खोकलो, अकरा वेळा.

अण्णांनी तत्काळ बोट दाखवलं. "हा!"

सुरेशचा हात तिसऱ्या ताटलीकडे निघाला होता. तो मधेच थांबला.

"अप्पा, नक्की?" त्यानं वडिलांना विचारलं.

"माझं नाक सांगतंय की!"

"सरी, अप्पा," सुरेश म्हणाला, आणि त्यानं वहीत पहिल्या व्यापाऱ्याचं नाव लिहिलं. मग मला म्हणाला, "चला, तुम्हाला मशीन दाखवतो."

मशीन बंद होतं. त्याच्या मागे मला उभं करून त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही कशाला खोकलात?"

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, चांगला माल मी शेवटच्या ताटलीत ठेवतो, त्यांच्या उजव्या हाताला. ते उजवा हात उचलतात, समोर येते ती ताटली दाखवतात. कधी चुकत नाहीत. आज पहिल्यांदा हात डावीकडे गेला."

"डावीकडे काय होतं?"

"मैद्याची खळ. वासापुरता हिंग चोळून हिंगाच्या नावानं दिलेली. आता एक पोतं घ्यावं लागणार."

"तुम्हाला ठाऊक आहे तर."

"इथं एकदा स्वयंपाकघरात गॅस गळत होता. सगळे बाहेर पळालो. अप्पा आत पेपर वाचत बसले होते. त्या दिवशी कळलं."

"अहो, मग सांगून टाका ना त्यांना! माल तुम्हीच बघा. त्यांनी नुसतं जेवायला यावं."

"सांगितलं तर यायचे नाहीत," सुरेश म्हणाला.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. अण्णांनी पहिल्याच घासाला सुनेला सांगितलं, सारात हिंग एक चिमूट कमी पडला. सून म्हणाली, "होय की, मामा." सुरेशनं मान हलवली. सात वर्षांची नात आजोबांच्या मांडीवर चढून त्यांचं नाक दोन बोटांत धरून बसली होती, आणि अण्णा नाकातल्या नाकात तिला कुठल्याशा डोंगराची गोष्ट सांगत होते. गोष्ट थांबली की नात नाक पिळायची, की ती पुढे सुरू. मी तीन वेळा भात घेतला आणि बोलायला तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात असं जेवण तेवढं एकच.

संध्याकाळी सुरेशनं आम्हाला फाटकाशी सोडलं. अण्णांनी हात उंचावला, गाडी वळणाआड जाईपर्यंत तसाच ठेवला आणि मग माझी बाही धरली.

"त्याला काही कळलं काय रे?"

"नाही," मी म्हणालो.