तिसरीच्या वर्गाचं दार

इंग्लंडमधल्या त्या शाळेत तिसरीच्या वर्गाचं दार पूर्ण इंग्रजी वाक्य ऐकल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडत नसे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकदाही सूट दिली नव्हती.

कराडहून नुकतीच आलेली उर्वी तांबट आठवडाभर शाळेत पाणीच प्यायली नाही. बाटली रोज भरलेली परत येते, असं तिच्या आईने कळवलं. नव्या मुलांना इंग्रजीत मदत करणाऱ्या शैलजा डिंगणकरांनी शुक्रवारी तिला बळेच चार घोट पाजले. ती पीत का नव्हती, हे त्यांना अकरा वाजता कळलं.

उर्वी पाय आवळून दारापुढे उभी होती. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

"तिच्या वतीने मी विचारते," डिंगणकरबाई दाराला इंग्रजीत म्हणाल्या.

"नियमात बसत नाही. ज्याला जायचंय, त्यानेच विचारायचं."

उर्वी पुटपुटली, "मला जायचंय."

"विचारलं तिने. मराठीत."

"मला मराठी येत नाही," दार म्हणालं.

"मग शिका. तिने तुमची आख्खी भाषा शिकायची, तुम्हाला दोन शब्द जड?"

कडी जराशी हलली. "सांगा."

उर्वीने पुन्हा सांगितलं. दाराने म्हणून पाहिलं. 'च' चुकला.

"चहातला नाही," उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, "चाकातला!"

दुसऱ्यांदाही चुकला. बाईंचा हात तिच्या खांद्यावर घट्ट झाला. सगळा दोष त्या चार घोटांचा, म्हणजे आपलाच, असं त्यांना वाटत होतं.

"मला जायचंय," दार तिसऱ्यांदा म्हणालं. या वेळी बरोबर. "म्हणजे काय?"

बाईंनी अर्थ सांगितला.

"हे तिने मला सोमवारीही सांगितलं होतं," दार म्हणालं. "मंगळवारीही."

आणि ते उघडलं. उर्वी धावली. वेळेत पोचली.

मुख्याध्यापिकांनी दाराचा खुलासा मागवून घेतला आणि त्याचं नाव नवशिक्यांच्या तासाला घातलं. तिथे मुलं इंग्रजी शिकतात आणि दार मुलांच्या भाषा. आता रोज दहा वाजता शिपाई त्याला बिजागऱ्यांवरून उतरवून तळमजल्यावर नेऊन ठेवतो. अकरापर्यंत तिसरीच्या वर्गाला दार नसतं. ज्याला जायचं, तो जातो.