उंबऱ्यातले वीस सेंटिमीटर

मोजमापात जी अनिश्चितता उरते ती मोजणाऱ्याने संध्याकाळी घरी न्यावी, असा धरणाच्या कार्यालयाचा नियम होता. दिगंबर नाचणे रोज पट्टीवरून पाण्याची पातळी वाचत, नोंदवहीत आकड्यापुढे ‘वीस सेंटिमीटर कमी-अधिक’ असं लिहीत आणि तेवढी अनिश्चितता कापडी पिशवीतून घरी आणत.

घरात ती कुठे ना कुठे बसायचीच. कधी फडताळात, कधी पलंगाखाली. मंगळवारी उंबऱ्यात बसली. उचललेल्या पावलापेक्षा उंबरा वर निघाला आणि कुमुदताई आपटल्या.

“अहो, उद्यापासून रिकाम्या हाताने यायचं,” गुडघ्याला हळद लावत त्या नवऱ्याला म्हणाल्या. “नाहीतर मी चालले कराडला, भावाकडे. तिथला उंबरा असतो तिथेच असतो.”

दुसऱ्या दिवशी नाचण्यांनी ही अडचण शाखा अभियंता होनराव यांच्यापुढे ठेवली.

“मग शून्य लिहा,” होनराव म्हणाले. “मलाही नुसता आकडा बरा पडतो. तुमच्या आधीचे खांबेटे अकरा वर्षं शून्यच लिहायचे. घर कसं ओळंब्यात होतं त्यांचं!”

“आणि त्यांची अनिश्चितता?”

“ती राहायची पाण्यात.”

त्या अकरा वर्षांत धरणाखालच्या वाडीतली माणसं, पाणी कधी चढेल याचा नेम नाही म्हणून, पोरंबाळं घेऊन माळ्यावर झोपत, हे नाचण्यांना ठाऊक होतं. ते पट्टीपाशी गेले. लाटा वरखाली होत होत्या. एका वाचनाऐवजी त्यांनी सोळा वाचनं घेतली आणि सरासरी काढली.

“नाचणे, पाणी मोजताय की त्याची समजूत काढताय?” होनराव वरून ओरडले.

“निघतेय साहेब, थोडी थोडी.”

विसाचे पाच झाले. घरी पोचेतो दिवेलागण झाली होती. कुमुदताईंची ट्रंक दारात तयार होती.

“आज पाचच आहेत,” नाचणे म्हणाले.

“शून्य का नाही?”

“शून्य लिहिता येतं गं. मोजून निघत नाही.”

कुमुदताईंनी पिशवी उचलून पाहिली. हलकी होती.

“उंबऱ्यात नको. देवघरात नको. शेगडीपाशी तर नकोच,” त्या म्हणाल्या. “तुमच्या ताटाखाली ठेवा.” आणि ट्रंक आत घेऊन गेल्या.

नाचणे जेवायला बसले. ताट पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होतं.

“आमटी कुठे वाढू?”

“मध्यावर धर.”

कुमुदताईंनी वाढली. बरीचशी वाटीत पडली.