माकणीच्या संबंधांची मोजणी

माणसाच्या मनात काय आहे हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारल्यावर तर मुळीच कळत नाही. मानसशास्त्राने या अडचणीवर प्रश्नावली हा उपाय काढला आहे. तिच्यात प्रत्येक विधानापुढे पाच चौकटी असतात, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. मधोमध ‘सांगता येत नाही’ अशी एक असते (बायको शेजारी बसलेली असली की ती कामाला येते).

प्रौढांची लैंगिक अभिवृत्ती मोजणारी अशी एक प्रश्नावली परदेशात तयार झाली. ती मराठीत आणण्यासाठी एका विद्यापीठाने समिती नेमली. समितीतले सगळे घरंदाज होते. मूळ शब्द वाचताच दोघांनी चष्मे पुसले, एकाने चहा मागवला. सासऱ्यासमोर उच्चारता येईल असाच शब्द हवा यावर एकमत झालं, आणि जिथे तिथे ‘संबंध’ हा सोज्वळ शब्द घालण्यात आला.

शिवांजली नावाची हुशार मुलगी पीएच.डी.साठी ही प्रश्नावली घेऊन माकणी गावात आली आणि पार्वतम्मांच्या ओसरीवर बसली. पार्वतम्मांना त्या आठवड्यात दुसरं काही सुचत नव्हतं. नात शिवप्रियाची सोयरिक परंड्याचे कापडवाले योगीराज यांच्या मुलाशी जुळत आली होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती.

“आजी, विवाहापूर्वी संबंध असणं योग्य आहे का?”

“योग्य काय, पायजेतच! अगुदर संबंध नसंल तर पोरगी द्यायची कुणाच्या भरवशावर? आमचा तर लग्नाच्या आधी तीन पिढ्यांचा व्हता.”

“तीन पिढ्यांचा?”

“व्हय. माझ्या आजेसासूनंच सुरुवात केली.”

शिवांजलीने पाणी मागितलं. मग विचारलं, “आणि विवाहबाह्य संबंध?”

“लग्नाच्या भायेर बी ठिवावंत की. निस्तं लग्नापुरतं ठिवणारी माणसं मतलबी.”

“एकापेक्षा जास्त लोकांशी?”

“जेवढे जास्त तेवढं बरं, अडीनडीला धावून येत्यात. उमरग्यापासून आळंदपर्यंत व्हते आमचे. आता गुडघं चालत न्हाईत.”

“आणि तुमच्या यजमानांना हे चालायचं?”

“आगं, त्येच तर संगं घिऊन जायाचे.”

शेजारच्या हमिदाबींनीही भिंतीपलीकडून दुजोरा दिला, “सबसे रखना बाई. अकेला आदमी क्या करता?”

गाव असंच बोललं. माकणीत संबंध दोन घरांमध्ये असतात, हे समितीला ठाऊक नव्हतं. शिवांजली मग परंड्यालाही गेली. परंडा तालुक्याचं ठिकाण. तिथल्या शिकलेल्या लोकांना प्रश्न बरोबर कळला. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि सगळीकडे ‘पूर्ण असहमत’वर खूण केली.

अहवालाचे निष्कर्ष शास्त्रशुद्ध होते. मोकळेपणात माकणीने युरोपातल्या कुठल्याही शहराला मागे टाकलं. सत्तरीनंतर उत्साह वाढत जातो. तरुण मात्र उदासीन आहेत (‘आजकालची पोरं संबंध ठिवतच न्हाईत, मोबाइलात डोकं,’ असं अनेक वृद्धांनी कळकळीने सांगितलं होतं). परंड्याचे गुण शून्याच्या आसपास होते. मग तिथल्या शाळांना दरवर्षी तुकड्या का वाढवाव्या लागतात, हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेबाहेरचा होता.

ही बातमी पेपरात आली आणि तिसऱ्या दिवशी योगीराज भावकीतल्या चार माणसांना घेऊन आले. चहाला कुणी हात लावला नाही.

“आम्मा, तुमच्या गावाबद्दल छापून आलंय. अशा गावात संबंध करावा का, म्हणून विचार पडलाय.”

पार्वतम्मांना काही समजेना. शिवप्रिया रडवेली होऊन त्यांना आत घेऊन गेली आणि तिने कानात पेपरातल्या ‘संबंधा’चा अर्थ सांगितला, परंड्याचं उत्तरही सांगितलं. पार्वतम्मा हसता हसता पोत्यावरच बसल्या. त्यांच्या काळी हळदीला बायका दारं लावून जी गाणी म्हणत, त्यांत हा सगळा अभ्यासक्रम यायचा. फक्त परीक्षा नसायची.

“मग तसं सरळ इचारायचं की! त्येचं बी उत्तर दिलं आसतं म्या.”

डोळे पुसून त्या बाहेर आल्या.

“पावनं, परंड्यात समदे असहमत म्हनं?”

“सगळे!” योगीराजांनी छाती फुगवली.

“तुमी बी?”

“पूर्ण.”

“आन् पोरगा?”

“तो माझ्या शब्दाबाहेर नाही.”

“मंग आमच्या पोरीनं तिथं यिऊन काय करायचं? पतवंडं काय तुमच्या दुकानात मीटरवर मिळत्यात?”

भावकीतल्या एकाला ठसका लागला. योगीराजांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “आम्मा, तसं नाही... लेखी द्यायचं होतं, म्हणून तसं लिहिलं.”

“म्हंजी लबाड लिवलं?”

“थोडंसं.”

“मग हरकत न्हाय. घ्या चहा.”

सुपारी त्याच दुपारी फुटली. शिवांजलीला पदवी मिळाली. अहवाल दुरुस्त झाला नाही, कारण एकदा मंजूर झालेलं सत्य बदलायला नवी समिती लागते.

अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात कुणाला काही विचारायचं नाही, असं ठरलं आहे. या विषयावरचा एखादा मजकूर लोकांसमोर ठेवायचा आणि नुसतं पाहायचं. तेव्हा हे वाचताना मागे कुणाची तरी चाहूल लागली म्हणून ज्यांनी पान उलटलं, त्यांची नोंद परंड्यात झालेली आहे. लग्नाचं आमंत्रण त्यांना वरपक्षाकडून येईल.